खटका सर आणि आग्रा रोड

आमच्या शाळेत भूगोलाचे एक सर होते. चार आकडे मोजल्याशिवाय त्यांच्या हातून कुठलंच काम होत नसे. चहाचा कप उचलला की तो ओठाला लागेपर्यंत मध्ये एक थांबा असायचा. परीक्षेत वर्गावर देखरेख करताना ते खिडकीपाशी उभे राहत आणि त्यांचा उजवा अंगठा दर चार सेकंदांनी काहीतरी दाबल्यासारखा खाली जाई. हातात काही नसताना. त्यावरून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं, खटका सर. एकदा कुणीतरी ते फळ्यावरच लिहून ठेवलं. सर वर्गात आले, त्यांनी वाचलं आणि खडू घेऊन म्हणाले, "ज्यानं लिहिलंय त्यानं ‘ख’चं पोट जोडायला शिकावं. हे ‘रवटका सर’ वाचलं जातंय." ‘ख’ दुरुस्त केला आणि पुढे मान्सून वाऱ्यांवर बोलायला लागले.

मी या शाळेत लागले ती शहात्तर-सत्याहत्तरची गोष्ट. शाळा पंचवटीत, माझं माहेर धुळ्याला. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत सरांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कुठून आलात?"

"धुळ्याहून."

"अरे वा. मग वाटेत काय काय पाहिलंत?"

मी म्हटलं, "काही नाही. एसटीत बसले की मला झोप लागते. नाशिकलाच जाग आली."

सरांनी कप खाली ठेवला. "साडेचार तास झोपलात?"

"हो."

"मग बाई, धुळ्याहून आले असं म्हणू नका," ते अगदी मृदूपणे म्हणाले, "तुम्हाला धुळ्याहून आणलं, असं म्हणा."

मला राग आला होता. पण पुढच्या खेपेला मी चांदवडपर्यंत डोळे ताणून बसले, हेही खरं.

सरांच्या वेडाची गोष्ट आता सांगितली तर कुणाला त्यात वेड दिसणार नाही. परवाच माझ्या भाचीनं मोबाइल गाडीच्या काचेला चिकटवला आणि नाशिक ते मुंबई अख्खा रस्ता मला अर्ध्या मिनिटात दाखवला. ती वाटेत गप्पा मारत होती, भजी खात होती, मोबाइल आपलं आपण काम करत होता. सरांना हेच काम अंगठ्यानं करावं लागे. त्यांचा मेव्हणा बोटीवर होता. त्यानं एडनहून एक जुना, चावीचा, मुठीत मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा आणून दिला होता. लग्नं-मुंजी काढाव्यात म्हणून. त्या कॅमेऱ्याला एक खटका असा होता, की तो दाबला की सिनेमा सुरू न होता एकच चित्र उमटायचं. सरांनी तो खटका पाहिला आणि लग्नं-मुंजी तिथंच संपल्या.

ते गाडीत पुढे बसत, चार मोजत आणि खटका दाबत. पुन्हा चार, पुन्हा खटका. एका रिळात चार हजारांच्या आसपास चित्रं मावत. पडद्यावर ती सेकंदाला सोळा या वेगानं धावली, की चार-साडेचार तासांचा रस्ता चार मिनिटांत संपे. झाडं अंगावर धावून येत, घाट सापासारखा वळवळे, बैलगाड्या टोळासारख्या उड्या मारत. पण त्या चार मिनिटांसाठी माणसानं साडेचार तास न बोलता, न खाता, न खाजवता बसायचं. अशी पाच-सहा रिळं तरी त्यांनी केली असतील.

सरांकडे गाडी नव्हती, सायकल होती. म्हणून ते ट्रकमधून जात. त्यातही अडचण अशी, की ट्रक निघत रात्री आणि सरांना हवा उजेड. दिवसा गाडी काढणारा एकच ड्रायव्हर त्यांना भेटला, मालेगावचे रशीदचाचा. ते कांद्याची गाडी चालवत. रात्री समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपत, आणि ही गोष्ट त्यांच्या मालकाला ठाऊक नव्हती, सरांना होती. दोघांचं चांगलं जमलं. कॅमेरा स्थिर राहावा म्हणून सरांनी तो वहिनींच्या पोळपाटाला खालून स्क्रू मारून बसवला होता आणि पोळपाट सायकलच्या ट्यूबनं ट्रकच्या काचेमागे आवळला होता. एकदा मी सहज सरांच्या घरी गेले तर वहिनी म्हणाल्या, "बसा बाई, पण जेवायला भातच आहे. पोळपाट धुळ्याला गेलाय."

रशीदचाचा सरांची नक्कल फार छान करत. "मास्टरसाब बाजूला बसले की वाटतं नमाजी बसलाय. आपण बोलायचं, त्यांनी ऐकायचं, जवाब नाय. एकदा राहुडच्या घाटात टायर फुटला. मी खाली उतरलो, जॅक लावला, टायर बदली केला, अर्धा तास गेला. वर येऊन बघतो तर हे मोजूनच राहिले! म्हटलं, मास्टर, गाडी खडी है! तर बोलले, चाचा, रस्ताही थांबतो कधीकधी."

ते रीळ मी पाहिलंय. घाटाच्या मध्येच एकाएकी सगळं थांबतं आणि पुढची पंचवीस-तीस सेकंदं एका खडकावर सावली सरकत राहते. मुलांना तो भाग मुळीच आवडत नसे. सरांना तोच सगळ्यात आवडे.

माणसांची चित्रं मात्र ते काढत नसत. आमच्या मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी भर सभेत सरांना गळ घातली. सर उभे राहून म्हणाले, "माणसं आपली आपण हलतात, सर. त्यांना माझी गरज नाही. मी न हलणाऱ्या गोष्टी हलवतो." सगळे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. त्या वर्षी सरांना शेवटच्या तासाला इयत्ता आठवी मिळाली. वहिनींचीही तक्रार होतीच, "ह्यांच्याकडे ओझरपासून झोडग्यापर्यंतचा एकूण एक निंब आहे. घरात कॅमेरा असून माझं एक चित्र नाही."

हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना दोन-तीनदा विचारलं होतं. "भूगोल आहे," एवढंच उत्तर मिळायचं. खरं उत्तर मला आबा आले तेव्हा कळलं.

आबा म्हणजे सरांचे वडील. चांदवडच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत त्यांचं खेडं. आग्रा रोडवर ते मैलकुली होते. हा शब्दही आता गेला. रस्त्याचे दोन-तीन मैल एकेका माणसाच्या अंगावर टाकलेले असत. त्यानं रोज ते चालायचे, खड्डे बुजवायचे, कडेची गटारं उपसायची, झाडांना आणि दगडांना चुना फासायचा. आबांकडे तीन मैल होते. बत्तीस वर्षं ते सकाळी गावाकडच्या पहिल्या दगडापासून दुसऱ्या टोकाला जात आणि संध्याकाळी परत येत. त्या तीन मैलांवर त्यांनी खडी फोडली, डांबर उकळलं आणि एका मुलाला शिकवून मास्तर केलं. पोराला नोकरी लागली त्या दिवसापासून तेही त्याला गावासारखंच ‘मास्तर’ म्हणत. त्यांच्या घरात बुद्धाची लहानशी मूर्ती होती आणि तिच्या शेजारी आबांचा रिटायरमेंटचा कागद काचेत घालून ठेवलेला होता.

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आले होते. पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या रविवारी सरांनी मला दुपारी घरी बोलावलं. खिडकीला घोंगडी टांगली होती, भिंतीवर धुतलेलं पांढरं धोतर ताणून बसवलं होतं. सर गडबडले होते. प्रोजेक्टरच्या चाकावर रीळ चढवताना मला हळूच म्हणाले, "बाई, हा रस्ता कुठून येतो आणि कुठं जातो, हे आबांनी कधी पाहिलंच नाही. त्यांना फक्त मधलं माहीत आहे. आज सगळा दाखवतो."

नाशिक ते धुळे. प्रोजेक्टर घरघरला आणि नाशिकचा द्वारका चौक मागे पडला, ओझर आलं, पिंपळगावच्या द्राक्षबागा धावत आल्या. आबा पलंगाच्या कडेवर, गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. घाटात त्यांनी पलंगाची कड घट्ट धरली. धुळ्याची पाटी आली, पांढरा उजेड आला आणि रिळाचं टोक फडफडायला लागलं.

"कसं वाटलं, आबा?"

"लय झ्याक हाय," आबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पन मास्तर, माझे तीन मैल कुठं गेले?"

"गेले की. चांदवड झाल्यावर, घाटाच्या अलीकडे."

"मला तर नाय दिसले."

सरांनी रीळ पुन्हा लावलं. चांदवड आलं तसं ते ओरडले, "आता बघा! हे, हे... गेले." सहा-सात सेकंद असतील.

आबा डोळ्यांना ताण देऊन बघत होते. "एवढ्यात? मला तर तिथनं जायला बत्तीस वर्सं लागली," ते म्हणाले.

बोलण्यात रुसवा नव्हता की टोमणा नव्हता. हिशेब जुळत नाही, एवढंच ते सांगत होते. वहिनींनी घोंगडी काढली, चहा झाला, आबांनी दोन दिवसांनी गावची एसटी धरली. पण सर बदलले. शिक्षकांच्या खोलीत ते चहा गारच करून पीत, पण मोजत नसत. देखरेखीच्या वेळी अंगठा स्थिर असायचा. मुलांनासुद्धा चुकल्यासारखं झालं. पुढच्या बाकावरच्या एकीनं मला विचारलं, "बाई, सर आजारी आहेत का?" रशीदचाचा एकदा शाळेच्या फाटकापाशी गाडी उभी करून आले आणि "मास्टर, उद्या दिन में निकलतोय, येताय?" म्हणाले. सरांनी मानेनंच नाही म्हटलं. पोळपाट पुन्हा पोळ्यांच्या कामाला लागला होता.

असं सात-आठ महिने चाललं. मग गावाहून निरोप आला, की आबांचा दमा बळावलाय. डांबराचा धूर छातीत साठलेला, तो म्हातारपणी वर येतो, असं डॉक्टर म्हणाले. सर त्यांना नाशिकला घेऊन आले. त्याच आठवड्यात त्यांनी मला मधल्या सुटीत व्हरांड्यात गाठलं. "बाई, रविवारी मोकळ्या आहात? चालायला लागेल. तीन मैल."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही माझ्या मागे राहायचं. मी कॅमेऱ्यातून बघत असेन, मला ट्रक दिसणार नाहीत."

आम्ही सकाळच्या गाडीनं चांदवडला गेलो आणि तिथून पुढे, आबांच्या पहिल्या दगडापर्यंत. सरांनी पोळपाटाला दोन पट्टे लावून तो गळ्यात अडकवला होता, छातीशी कॅमेरा. पिशवीतून त्यांनी काठीला बांधलेलं एक लाल फडकं काढून माझ्या हातात दिलं. ते आबांचं होतं. रस्त्यावर काम चालू असताना मैलकुली ते गाड्यांना दाखवत. नऊवारी नेसलेल्या बायका थांबून थांबून बघायला लागल्या आणि माझ्या लक्षात आलं, की पाचवारी साडी नेसून, खांद्याला पर्स लावून, आग्रा रोडवर लाल झेंडा घेऊन चालणारी मास्तरीण याआधी इथं कुणी पाहिली नसणार.

सरांनी ठरवलं होतं, दोन पावलं आणि खटका, दोन पावलं आणि खटका. पण इतक्या वर्षांची चारची सवय. पहिल्या फर्लांगात ते तीनदा चुकले आणि तीनदा मागे फिरून दगडापासून सुरुवात केली. चौथ्यांदा जमलं. मग ते बोलेनासे झाले. ट्रक अंगावरून वारा टाकत जात होते, मी फडकं हलवत होते, एसटीच्या खिडक्यांतून माना बाहेर येत होत्या.

मैलभर गेल्यावर एक शेतकरी बांधावरून धावत आला आणि आमच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "सायेब, रस्ता रुंद व्हनार का? विहीर माझी कडेलाच हाय. दोन हात तरी तिकडून मोजा ना सायेब."

सर थांबेनात, त्याच्याकडे बघेनातही. मीच म्हटलं, "अहो, ही मोजणी नाही. साहेब त्यांच्या वडलांसाठी रस्ता काढतायत."

त्याला ते पटलं नाही. तो परत गेला आणि कपात चहा घेऊन आला. मी चहा प्याले. त्या विहिरीचं पाप माझ्या माथी, असं उगीच वाटत राहिलं. पुढे दहा-बारा वर्षांनी रस्ता खरंच रुंद झाला. विहिरीचं काय झालं ते मला माहीत नाही.

या रिळाच्या एका कडेवर निम्मीच चित्रं उमटतात, म्हणून निम्म्या वाटेवर ते उलटं घालावं लागतं. तिथं एक मोठा निंब होता. मी छत्री आणि पदर धरून अंधार केला आणि सरांनी रीळ फिरवलं. पहिल्यांदा ते बोलले, "आता पुढचा भाग बिघडला तर दुसरं रीळ नाही, बाई. आणि आबांना..."

तिसऱ्या मैलात एक मैलकुली खड्डा बुजवत होता. आबांच्या जागी आलेला, तिशीचा असेल. सर त्याच्यापाशी येऊन उभे राहिले आणि हलेनात. घमेल्यातून खडी पडत होती, खडी ठोकायचा धुम्मस खालीवर होत होता, आणि सर जागच्या जागी चार मोजून खटका दाबत होते. खड्डा भरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. माणसांची चित्रं न काढणारे सर! तो मैलकुली मला म्हणाला, "बाई, यांना कायतरी खायाला द्या. ऊन लागलंय."

रीळ धुवायला मुंबईला टपालानं पाठवलं. पंधरा दिवसांत येतं ते महिना झाला तरी आलं नाही. सर रोज शाळेत यायच्या आधी पोस्टात जात. आबांना आता बसूनच झोप लागे. एकदा सरांनी मला विचारलं, "बाई, रीळ धुताना खराब झालं, तर ते कळवतात की नुसतंच पाठवत नाहीत?" मला कुठून माहीत असणार? मी म्हटलं, "कळवतात."

पाचव्या आठवड्यात पाकीट आलं. सरांनी ते शाळेत उघडलंही नाही. दुपारची अर्धी रजा टाकली, मलाही टाकायला लावली. पुन्हा घोंगडी, पुन्हा धोतर. आबा उशांना टेकून बसले होते. त्यांचा श्वास प्रोजेक्टरपेक्षा मोठ्यानं ऐकू येत होता.

दगड दिसला. आणि रस्ता चालायला लागला. धावत नव्हता, अंगावर येत नव्हता, माणसाच्या उंचीवरून, किंचित हिंदकळत चालत होता.

आबा सरळ झाले. "हां," ते म्हणाले. "हा माझा पयला दगड. चुना नाय मारला अजून, दिवाळी गेली तरी." थोड्या वेळानं, "ही मोरी. हिच्यात एकदा वासरू अडकलं व्हतं. मास्तर, तू व्हता तवा." मग एकदम, "हा कोन हात जोडतोय?"

"त्याला वाटलं मी त्याची विहीर न्यायला आलोय."

आबा हसले, हसता हसता खोकले, पण हातानं ‘चालू दे’ अशी खूण केली. निंब आला तसा त्यांनी हात पुढे केला, हाताची सावली धोतरावर पडली आणि निंबाच्या खोडावरून फिरली. वहिनी मला म्हणाल्या, "बसवू का त्यांना मागे?" सर म्हणाले, "असू दे."

मग खड्डा आला. तो तिशीचा मैलकुली चटाचटा खडी टाकायला लागला. आबांचा श्वासच बदलला.

"अरे, कड काप आधी! चौकोनी काप! वरनंच काय टाकतो?" ते पडद्यावर ओरडले. "पहिल्या पान्यात उखडंल ते! मास्तर, सांग त्याला!"

मैलकुलीनं ऐकलं नाही. धुम्मस मारून तो बाजूला झाला, रस्ता पुढे चालला आणि शेवटच्या दगडापाशी संपला. चार मिनिटं झाली होती, धुळ्याला जायला लागली होती तेवढीच.

सर बल्ब बंद करायला वाकले. आबा म्हणाले, "संपलं?"

"संपलं आबा."

"मग घरी कसा येऊ? जायाचं दावलं, यायाचं?"

सर तसेच वाकलेले राहिले. प्रोजेक्टरला उलटं चालवायचा एक खटका होता. इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी वापरलेला मी पाहिला नव्हता. मुलांनी वर्गात हट्ट केला तरी ते म्हणत, उलटा रस्ता नसतो. त्यांनी तो दाबला.

शेवटच्या दगडापासून रस्ता मागे चालायला लागला. ट्रक ढुंगणाकडून आले, एसटी मागच्या मागे गेली. वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग तो मैलकुली आला. बुजलेल्या खड्ड्यावर धुम्मस उलटा चालला, खडी दगडादगडानं वर उडून घमेल्यात जाऊन बसायला लागली आणि खड्डा हळूहळू रिकामा झाला.

आबा पुढे झुकले. त्यांचा चेहरा पडद्याच्या उजेडात पांढरा दिसत होता.

"हां! आता कसं! काढ, समदी काढ," ते म्हणाले. "आन आता पयल्यापासून नीट कर."

सर प्रोजेक्टरच्या शेजारी जमिनीवर बसले होते. त्यांनी आबांच्या पावलावर हात ठेवला आणि रस्ता आबांना घेऊन मोरीकडे, पहिल्या दगडाकडे, घराकडे चालत राहिला.